मामंजींची गाडी पाण्यापलीकडे

ते साल एकोणीसशे शहात्तर. आमच्या ह्यांचं म्हणणं शेवटपर्यंत पंचाहत्तर असंच होतं, पण ह्यांना सालं बदल्यांवरून आठवत, आणि बदल्या इतक्या झाल्या होत्या की त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. माझा आधार मुलीच्या दातांचा. बोटीवर तिने "आपण परत का चाललोय?" असं विचारलं तेव्हा पुढचे दोन दात नसल्यामुळे तिच्या तोंडातून अर्धा प्रश्न आणि अर्धा वारा बाहेर आला होता. ते दात पडले शहात्तर साली. बदल्या माणसाला फसवतात, दात फसवत नाहीत.

ह्यांची बदली खाडीपलीकडच्या गावी झाली. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. माणसं, ट्रक, बस, सगळं एका रुंद, सपाट बोटीवर चढून पलीकडे जात असे. आम्ही तिघं जाणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

त्याआधीच्या थंडीत आम्ही एका लग्नाला बाहेरगावी गेलो असताना मामंजी न्हाणीघरात घसरून पडले होते. दाराशी आदल्या दिवशीच्या दुधाच्या बाटल्या तशाच पाहून दूधवाल्याला शंका आली, तो मागच्या खिडकीतून आत शिरला, म्हणून मामंजी आम्हाला पुन्हा दिसले. त्या प्रसंगाबद्दल ते एवढंच म्हणत, "मी पडलो नव्हतो. बसलो होतो." पण त्यांना एकटं ठेवून जायचं नाही, हे त्या दिवसापासून माझ्या मनात पक्कं झालं होतं. एरवी सासऱ्यांशी माझं फार बोलणं होत नसे. त्या काळी होतही नसे. पण थंड फरशीवर रात्रभर पडलेला माणूस एकदा डोळ्यांसमोर आला की जात नाही.

ह्यांनी बदलीची बातमी सांगितली तेव्हा मामंजी गाडीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. मामंजींची बैठकच ती होती. परसात पत्र्याखाली त्यांची जुनी गाडी उभी होती आणि ती कित्येक वर्षं जागची हललेली नव्हती. रोज सकाळी मामंजी ती पुसत, पायपंपाने चाकांत हवा भरत, हँडब्रेक एकदा ओढून, एकदा सोडून बघत, आणि मग स्टिअरिंगवर पेपर पसरून वाचत. आमच्या घरात 'गाडी बंद आहे' असं म्हणायची पद्धत नव्हती. 'गाडी बसली आहे' असं म्हणायचं. मी नवी नवरी असताना एकदा चुकून 'बंद' म्हणाले होते, तेव्हा नणंदेने मला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं होतं.

ह्यांचं बोलणं ऐकून मामंजींनी पेपराचं पान उलटलं.

"जा तुम्ही. गाडी येत असेल तर मी येतो. नाहीतर आम्ही दोघं इथं बरे आहोत."

"बाबा, ती कशी येईल?"

"ते तू बघ. बदली तुझी झाली आहे."

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. पाणीपुरवठ्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना सर्वज्ञ म्हणत असे, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडत होतं. त्यांच्याकडे गाडी कधीच नसल्यामुळे त्यांचं गाड्यांविषयीचं ज्ञान अनुभवाने कुठेही डागाळलेलं नव्हतं. ते कुंपणावर हात टेकून म्हणाले, "इंजिनात रॉकेल ओता. आठवडाभर मुरू द्या. गंज सुटतो."

ह्यांनी रॉकेल ओतलं. गंजाचं माहीत नाही, पण वास सुटला. तो आधी परसात होता, मग स्वयंपाकघरात आला, आणि शेवटी मुलीच्या शाळेतल्या बाईंनी वहीत 'घरी काही अडचण आहे का?' असं विचारलं.

मग मेकॅनिक आणला. त्याने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग त्याने ह्यांना हळूच बोलावलं. मीही गेले. आत कापूस, सुतळी, पेपराचे कपटे, सगळं कसं मऊ रचून ठेवलेलं आणि त्यात उंदराची पिल्लं झोपलेली.

"साहेब, हे इंजिन नाही," मेकॅनिक म्हणाला. "ही बाळंतिणीची खोली आहे."

पिल्लं हलवून त्याने इंजिन तपासलं आणि ते पार जाम झाल्याचं सांगितलं. नवं बसवा, नाहीतर गाडीचा नाद सोडा. मामंजी पत्र्याखाली उभे होते. मेकॅनिक गेल्यावर ते म्हणाले, "ह्याला बघायला बोलावलं होतं. मत द्यायला नाही."

ट्रकवर चढवून नेऊ, असं ह्यांनी सुचवून पाहिलं. मामंजींनी चष्म्यावरून बघितलं. "गाडी काय तान्हं मूल आहे, कडेवर घेऊन जायला?" झालं. तो विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपत.

तेव्हा आम्ही दोघं जेटीवरच्या बोटीच्या कचेरीत गेलो. जाळीमागे एक कारकून बसलेला. आधी त्याचा शर्ट दिसत होता आणि बऱ्याच वेळाने तोंड दिसलं.

"काय न्यायचंय?"

"गाडी."

"चालते?"

हे वजनमापं तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे चिरंजीव. मामंजींनी उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात घालवली होती, त्यामुळे खरं बोलण्याची खोड घराण्यात होती. हे म्हणाले, "नाही."

"मग ते वाहन नाही. वाहन म्हणजे आपल्या चाकांवर, चालकासकट, बोटीवर चढतं ते."

"बरं, मालाचं तिकीट द्या."

"चाकं आहेत?"

"आहेत."

"मग माल नाही. मालाला चाकं नसतात."

"अहो, मग ती आहे तरी काय?"

कारकुनाने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. त्याला आमची दया आली असावी. "ते तुम्ही घरून ठरवून यायचं असतं," तो म्हणाला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

सर्वज्ञांना हे कळायला वेळ लागला नाही. "अहो, सोपं आहे! चाकं काढून टाका. माल झाली."

ह्यांच्या तोंडावर आशा दिसली. ते पाना शोधायला लागले. मामंजी पायरीवर येऊन उभे राहिले.

"आधी माझे पाय काढ," ते म्हणाले. "मग दोघांचं मिळून एकच पार्सल कर. दोरी घरात आहे."

पाना जागेवर गेला. दुसऱ्या दिवशी मामंजींनी कोट चढवला. तो कोट ते नोकरीत असताना फक्त कोर्टात साक्ष द्यायची असली की घालत. मला म्हणाले, "सूनबाई, चल. रिक्षावाला मला ऐकू येत नाही असं समजून ओरडतो."

कचेरीत ते जाळीसमोर ताठ उभे राहिले. कारकुनाने मला ओळखलं नाही. बायकांना कोणी ओळखत नसे, त्याचा असा कधीमधी उपयोग होई.

"काय न्यायचंय?"

"माझी गाडी."

"चालते?"

"बोटीवर चढेल."

"चालक?"

"मी."

कोट बघून कारकून सावरून बसला. तिकीट देताना मात्र त्याने बजावलं, "आजोबा, चालकाने बोटीवर गाडीतच बसून राहायचं. चालक उतरला की वाहनाचा माल होतो. मग मी जबाबदार नाही."

घरी येऊन मामंजींनी तिकीट टेबलावर ठेवलं तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही खोटं बोललात?"

"मी चढेल म्हणालो. कोण चढवणार ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

वजनमापांची माणसं. दांडी अगदी सरळ, पण कुठल्या टोकाला बोट लावायचं ते त्यांना बरोबर कळतं.

आता गाडी जेटीपर्यंत ओढून न्यायला कोणी मिळेना. शेवटी दूधवालाच म्हणाला, "मी नेतो की साहेबांना. टेम्पो आहे. पण माझी वाट सोडणार नाही हं. लोकांची दुधं खोळंबतील."

म्हणून सामान आदल्या दिवशी ट्रकने पलीकडे गेल्यावर, निघायच्या दिवशी सकाळी आमची वरात अशी निघाली: पुढे दुधाचा टेम्पो, त्याच्या मागे दोर, दोराच्या मागे गाडी, गाडीत स्टिअरिंगवर कोट घातलेले मामंजी, मागच्या सीटवर मी, मुलगी आणि पिण्याच्या पाण्याचा माठ, आणि सगळ्यांच्या मागे चालत हे. ह्यांना जागा होती, पण गाडीत बसलेलं कोणी पाहिलं तर काय म्हणतील, असं त्यांना वाटत होतं. ओढलेल्या गाडीमागून चालताना पाहिलं तर काय म्हणतील, हे त्यांना सुचलं नाही.

टेम्पो दर तिसऱ्या दाराशी थांबे. दूधवाला बाटल्या घेऊन जाई. दार उघडे, बाई दूध घेई, आणि मग तिचं लक्ष आमच्याकडे जाई.

"अय्या! गाडी निघाली?"

"निघाली," मामंजी म्हणत.

"कुठं?"

"पलीकडे. मुलाकडे."

"कायमचे?"

त्यावर मामंजी खिडकीतून हात बाहेर काढून हलवत. मग दोर ताणला जाई आणि आम्ही पुढच्या दाराशी. त्या गल्लीत मामंजींनी जन्म काढला होता. कोणाचा निरोप घ्यायला ते स्वतःहून गेले असते असं मला वाटत नाही. तसा त्यांचा स्वभाव नव्हता. पण दूध सगळ्यांकडेच जात होतं. जुन्या वाण्याच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा वाणी बाहेर आला. मामंजींनी एके काळी त्याचा काटा जप्त केला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाणी आत गेला आणि मुठीतून खडीसाखर आणून मुलीच्या हातावर ठेवली. "वजन करून आणलेली नाही, साहेब," तो म्हणाला. मामंजी हसले. ते हसलेले मी फार वेळा पाहिले नव्हते.

जेटीवर आलो तेव्हा भरती होती. बोटीत शिरायचा उतार सौम्य होता. दूधवाल्याने दोर सोडला आणि टोपी काढली. "साहेब, हँडब्रेक तुमच्या हातात आहे," तो म्हणाला. कारकून जाळीतून मान काढून बघत होता. सर्वज्ञ निरोप द्यायला आले होते आणि भुईमुगाच्या शेंगा खात उभे होते.

मामंजींनी ब्रेक सोडला. गाडी हलली. आवाज नाही, धूर नाही, नुसती आपली चालू लागली. उतारावरून खाली, लोखंडी फळीवरून खडखडत आत, थेट बोटीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कठड्याच्या अलीकडे ब्रेक लागून अशी थांबली की माठातलं पाणीही सांडलं नाही. मागे हे छातीवर हात ठेवून उभे होते.

"चालते हो चांगली," कारकून म्हणाला आणि त्याने मान आत घेतली.

आमच्या मागून बाकीची वाहनं चढली. प्रवाशांनी गच्च भरलेली बस, आणि तिच्या पुढे, आमच्या अगदी पाठीशी, बर्फाचा ट्रक. बर्फावर भुसा आणि गोणपाट, खालून सारखं पाणी गळत होतं. बोटीची तऱ्हा अशी की पोट रुंद आणि तोंड अरुंद. दोन्ही टोकांना एकेक तोंड. एका तोंडाने आत जायचं, दुसऱ्याने बाहेर पडायचं, आणि त्या तोंडातून एका वेळी एकच वाहन जाणार. सगळ्यात आधी आत शिरलेल्याने सगळ्यात आधी बाहेर पडायचं. हे आमच्यातल्या कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सर्वज्ञांच्यासुद्धा.

पलीकडे पोचलो. पुढचं तोंड उघडलं. समोर जेटीचा चढ.

मामंजींनी ब्रेक सोडला. गाडी उभी. बर्फवाल्याने हॉर्न दिला. बसवाल्याने हॉर्न दिला. बोट चालवणारा सारंग वरून ओरडला, "ओ आजोबा, काढा गाडी!"

"बसली आहे," मामंजी म्हणाले.

"ती दिसतेच बसलेली! उठवा!"

लोक उतरले. ह्यांनी पुढाकार घेतला. सगळ्यांनी हात लावला, "हं, एक जोर!" झालं, आणि गाडी अर्धा हात वर गेली. पण ट्रकमधलं पाणी वाहत पुढे आलेलं होतं. ढकलणाऱ्यांचे पाय घसरले आणि गाडी अर्धा हात खाली आली. पुन्हा जोर, पुन्हा घसरगुंडी. बसमधले एक गृहस्थ सगळ्यांना जोर कसा लावावा ते सांगत होते. दर गावाला एक सर्वज्ञ असतोच. मग बर्फवाल्याने ट्रकनेच ढकलून पाहिलं, तर त्याच्याच बर्फाच्या पाण्यात त्याचीच चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"थांबा!" हे म्हणाले. "मी गावातून ओढायला काहीतरी घेऊन येतो." आणि शर्ट खोचत चढ चढून पळत गेले.

ते दिसेनासे झाले आणि सारंग खाली आला. "ओहोटी लागतेय. आता हा चढ वाढतच जाणार. मला थांबता येत नाही, बोट रुतेल. परत चला."

"परत म्हणजे?" बर्फवाला ओरडला.

"परत म्हणजे परत. तिकडे बोट रिकामी करू, आजोबांना मागच्या कोपऱ्यात घालू, तुम्ही सगळे पुढे या. मग तुम्ही आधी उतराल."

बोट निघाली. आम्ही जेटीपासून बरंच दूर आलो तेव्हा चढावर एक ट्रॅक्टर आला. त्यावर ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी हे उभे होते. त्यांनी हात वर केला. मग तो हात हळूहळू खाली आला.

"आपण परत का चाललोय?" मुलीने विचारलं. ते मी वर सांगितलंच.

बोटीवर त्यानंतर जे झालं ते झालं. बर्फवाला गाडीच्या खिडकीशी आला आणि मामंजींना वाटेल ते बोलला. बर्फ वितळतोय, गिऱ्हाईक हातचं जाईल, म्हाताऱ्या माणसाने घरी बसावं. मी मागे बसून शरमेने माठाकडे बघत होते. मामंजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. तुझा काटा कुठला आहे?"

"काय?"

"बर्फ तोलून देतोस ना? शिक्का कोणत्या सालचा?"

बर्फवाल्याने एकदा मामंजींकडे, एकदा कोटाकडे पाहिलं. आवाज खाली आला. "तसं काही नाही, साहेब. होतं असं कधी कधी. गाडी आहे."

बसमधल्या एक म्हातारबाई गुडघा चोळत उभ्या होत्या. "भाऊ, बसू का हो आत? बसमध्ये फार उकडतंय." मामंजींनी दार उघडून दिलं. मी मुलीला घेऊन पुढच्या सीटवर गेले. मग बाईंच्या शेजारी अजून एक आजोबा आले. गाडी भरली. समोरच्या काचेतून पाणी मागे मागे जात होतं आणि मामंजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. एक छोटी होडी आडवी आली तेव्हा त्यांनी स्टिअरिंग किंचित उजवीकडे फिरवलं. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आम्ही जेटीला लागलो. कारकून धावत आला.

"परतीचं तिकीट?"

"आम्ही परत आलो नाही," मी म्हणाले. मामंजींच्या घरात राहून मीही थोडी शिकले होते.

"मग इथं काय करताय?"

"आम्ही उतरलोच नाही अजून."

कारकून विचारात पडला. "म्हणजे तुम्ही अजून गेलाच नाहीत."

"असं धरा."

त्याला बरं वाटलं. नियमात बसलं. बाकीची वाहनं मागे मागे घेत बोटीतून बाहेर निघाली. बोट रिकामी झाली, खलाशांनी आमची गाडी ढकलत मागच्या कोपऱ्यात आणली, अगदी जेटीच्या तोंडाशी. आणि तिथे सर्वज्ञ उभे होते. शेंगा संपलेल्या होत्या. त्यांनी चालकाचं दार बाहेरून उघडलं.

"साहेब, उतरा. पुरे झालं हे. मी म्हणालोच होतो. घराची किल्ली अजून माझ्याकडेच आहे, घरमालकाला दिलेली नाही. चला वर, चहा घेऊ. गाडी दूधवाला ओढून आणेल. सगळं होतं तसं."

मामंजींनी वर पाहिलं. गल्लीचं टोक तिथून दिसत होतं. सकाळी ज्यांनी हात हलवले होते ते सगळे लोक तिथेच होते, चार पावलांवर. मामंजी थकले होते. सकाळपासून ते त्या सीटवरून हलले नव्हते. त्यांनी एक पाय बाहेर ठेवला.

मला पुष्कळ बोलायचं होतं. न्हाणीघर, फरशी, बाटल्या. हे नसताना, भर जेटीवर, सर्वज्ञांच्या देखत सासऱ्यांना 'तुम्हाला एकट्याला राहता येणार नाही' असं सांगायचं माझ्याच्याने होईना. आणि तो पाय एकदा जमिनीला लागला की ते पुन्हा येणार नाहीत हेही मला कळत होतं. ते सगळं सांगायची भाषा मला येत नव्हती. जी येत होती ती बोलले.

"मामंजी, हे पलीकडे एकटेच उभे आहेत. ट्रॅक्टर घेऊन."

मामंजी थांबले. "ट्रॅक्टर? त्याला ट्रॅक्टर कोणी दिला?"

"काय माहीत."

"त्याला सायकल स्टँडवर लावता येत नाही धड."

"तेच म्हणते."

मागच्या सीटवरून म्हातारबाई म्हणाल्या, "भाऊ, दार लावून घ्या हो. वारा लागतोय. आणि मला पलीकडेच जायचंय."

मामंजींनी पाय आत घेतला. दार लावलं. खिडकीची काच खाली करून सर्वज्ञांना म्हणाले, "किल्ली आजच मालकाला द्या. माणसाने दुसऱ्याची वस्तू ठेवून घेऊ नये."

बर्फाचा ट्रक आमच्या बाजूने अंग चोरत पुढे गेला, मागून बस गेली, आणि बोट पुन्हा निघाली. या खेपेला कोणी भांडलं नाही. लोकांची भांडायची ताकद एका फेरीपुरतीच असते.

पलीकडे बर्फ उतरला, म्हणजे जेवढा उरला होता तेवढा. बस उतरली. ओहोटीने चढ चांगलाच उभा झाला होता. ट्रॅक्टरवाल्याने साखळी लावली आणि गाडी डुलत डुलत वर आली. हे शेजारून चालत होते. ऊन लागून नाक लाल झालेलं, शर्ट सुटलेला. मामंजींनी वर आल्यावर हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि सावकाश उतरले. ह्यांनी हात पुढे केला. मामंजींनी तो धरला.

"बराच वेळ लावलास," ते म्हणाले.

"हो, बाबा," हे म्हणाले.

गाडी नव्या घराच्या अंगणात लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेऊन गाडीपाशी गेले, तर गाडी रिकामी. मामंजी ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. तिसऱ्या दिवशीही तसंच. असे काही आठवडे गेले. मग एकदा जेवताना ते म्हणाले, "ती गाडी काढून टाका आता. अंगण अडवते."

ह्यांच्या हातातला घास खाली आला. "बाबा, तिच्यासाठी आपण एवढं..."

"तिच्यासाठी?" मामंजी म्हणाले. "मला तुमच्या सामानाच्या ट्रकात बसून यायचं नव्हतं. आपलं घर सोडायचं तर आपल्या हातांनी सोडावं. आता आलो ना मी. आता तिचं काय काम?"

मी त्यांना आणखी भात वाढला.

गाडी ट्रॅक्टरवाल्याने नेली. त्याच्या कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालत, आणि तो अधूनमधून चार आणून देई. मामंजी ती खात नसत, पण हातात घेऊन वजनाचा अंदाज घेत. ते त्या घरात बरीच वर्षं राहिले आणि शेवटी झोपेत, आम्ही सगळे घरात असताना गेले.

सर्वज्ञांनी किल्ली त्याच दिवशी मालकाला दिली. नंतर त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं. तरी पत्रं येत, शेजारच्या मुलीकडून लिहवलेली, आणि त्यांत सगळे सल्लेच असत. दूधवाल्याने पुढे चहाचं दुकान काढलं. आम्ही गेलो की तो आमच्याकडून चहाचे पैसे घेत नसे. कारकुनाला बढती मिळून तो मोठ्या कचेरीत गेला. तिथे म्हणे नियम लिहायचं काम होतं. खाडीवर पूल झाला आणि बोट बंद पडली. सारंग गावी जाऊन शेती करू लागला. बर्फवाल्याच्या मुलाने शीतगृह बांधलं. त्या म्हातारबाई कोण होत्या, कुठे गेल्या, मला कधीच कळलं नाही. उतरताना त्यांनी मामंजींना "देव भलं करो, पण गाडी हळू चालवत जा" एवढंच सांगितलं होतं.

आमचे हे आणखी दोन बदल्यांनंतर निवृत्त झाले; त्या जवळपासच्याच होत्या, घर हलवावं लागलं नाही. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत पंचाहत्तरच म्हणत होते.

मी इथेच, त्याच घरात आहे. मुलगी दूर देशी असते. तिचे ते दात कधीच आले, आता तिच्या मुलांचे पडताहेत. ती मला कायमचं बोलावते आहे. दर रविवारी फोनवर विचारते, "आई, काय काय न्यायचंय ते एकदा सांग ना. विमानात किती बसेल ते बघायला हवं."

मी म्हणते, थांब, विचार करते आहे. घाई कशाला? तिलाही म्हातारपणी सांगायला काहीतरी हवं.